रावसाहेबांनी बुंदीला वळण लावलं

चार पायांच्या जनावरानं रावसाहेबांचं ऐकलं नाही, असं धायरीत आजवर झालेलं नव्हतं. दोन पायांच्यांचं सोडा. मुलगा, सून, सोसायटीचा वॉचमन असे बरेच जण त्यांचं ऐकत नसत. पण बैल ऐकायचे. मारका म्हणून तीन बाजारांतून परत आलेला लक्ष्या बैल त्यांनी सोळा दिवसांत असा सरळ केला, की पोरं त्याच्या शिंगांना दप्तरं अडकवून विटीदांडू खेळायला जात. त्याच लक्ष्यानं पुढे बैलगाडा शर्यतीत पाच वेळा पहिला नंबर काढला. ही हकिकत रावसाहेब स्वतः सांगत तेव्हा सोळाचे आठ दिवस होत आणि पाचाचे अकरा नंबर होत, पण बैल तोच असे.

मग रस्ता आला आणि रस्त्यामागून बिल्डर आला. रावसाहेबांच्या ज्वारीच्या तुकड्यावर सात मजली इमारत उभी राहिली आणि चौथ्या मजल्यावर ते राहायला गेले. म्हणजे आपल्याच रानात, पण चाळीस फूट वर. लिफ्टमध्ये बैल मावत नाही, त्यामुळे लक्ष्या मावळातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आपला शब्द झेलणारं चार पायांचं घरात कुणी नाही, हे रावसाहेबांना फार लागत असे. बोलून दाखवत नसत. टीव्हीवर शर्यत लागली की आवाज तेवढा मोठा करत.

तर अशा घरात चैत्रातल्या एका दुपारी नात संस्कृती, इयत्ता चौथी, पार्किंगमधून मांजराचं पिल्लू घेऊन आली. पिवळसर, ओंजळीत मावेल एवढं, आणि ओरडायला लागलं की शेपटीपर्यंत हलणारं. तिनं येता येताच जिन्यात त्याचं नाव ठेवलं होतं, बुंदी.

रावसाहेबांनी बुंदीला उचललं, कान पाहिले, दात पाहिले, शेपटीचं मूळ चाचपलं आणि बाजारात खोंड पसंत करावा तसं म्हणाले, "जात चांगली हाय."

"आबा, ती रस्त्यावरची आहे," संस्कृती म्हणाली.

"मंग? लक्ष्या कुठं म्हालात जन्मला व्हता?"

दोन दिवस सगळं गोडीगुलाबीनं चाललं. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, सून भाग्यश्री जेवण करून परत कामाला बसली. ती आयटीत, घरून काम करणारी. कानाला हेडफोन लावले, मीटिंग सुरू केली, खुर्चीवर टेकली आणि तशीच परत उठली. खुर्ची ओली होती. कशानं ओली होती हे विचारायची गरज नव्हती, वास सांगत होता. मीटिंगमधल्या सतरा माणसांनी तिच्या तोंडून जे ऐकलं, ते तिनं नंतर 'नेटवर्क गेलं होतं' असं सांगून निभावलं.

रात्रीच्या जेवणाला भाग्यश्रीनं निकाल दिला. "माझ्या ऑफिसातली अवनी आहे ना, तिला मांजर हवंय. रविवारी अकराला ती येतेय, बास्केट घेऊन. तोपर्यंत हे पिल्लू ट्रेमध्ये जायला शिकलं तर राहील. नाहीतर अवनीकडे. मला यावर चर्चा नकोय."

मुलगा योगेश ताटातल्या आमटीकडे बघत बसला. संस्कृती रडली वगैरे नाही. हातातला घास तिनं परत ताटात ठेवला, एवढंच. रावसाहेबांना ते बघवलं नाही.

"येऊ दे त्या अवनीला. च्या पिऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मांजर जायचं न्हाय. म्या शब्द देतो. चार दिसांत हिला शिस्त लागली न्हाय, तर पुन्यांदा लक्ष्याचं नाव काढनार न्हाय."

घरातल्या सगळ्यांनी एकदम वर बघितलं. एवढी मोठी पैज या घरात कुणी लावली नव्हती.

मंगळवारी योगेशनं ट्रे आणला आणि त्यात घालायची वाळू आणली. वाळूला फुलांचा वास होता. रावसाहेबांनी ट्रेला पहिल्या क्षणापासून 'घमेलं' म्हणायला सुरुवात केली आणि ते घमेलं हॉलच्या कोपऱ्यात मांडून त्याला अगदी खेटून बुंदीच्या दूधभाताची वाटी ठेवली.

"आबा, यूट्यूबवर सांगतात, खायची जागा आणि शीची जागा लांब लांब पाहिजे," संस्कृती म्हणाली.

"यूट्यूबवाल्यानं कधी बैल धरलाय का? जनावर दावणीला बांधलं की तिथंच खातं, तिथंच पितं आन् तिथंच सगळं उरकतं. त्याला दोन खोल्या लागत न्हाईत."

आता हे बैलाच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. रावसाहेबांची चूक इतकीच, की बैल आणि मांजर यांत त्यांना फक्त वजनाचा फरक दिसत होता. बुंदीनं दूधभात खाल्ला, शेजारच्या घमेल्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं आणि पंगतीत कुणीतरी भलतंच बोललं असावं तसं तोंड करून ती निघून गेली. योगेशचा ऑफिसचा डावा बूट दारापाशी होता. त्या दिवशी योगेश सँडल घालून कामावर गेला.

संध्याकाळी लिफ्टपाशी ललिताबाई भेटल्या. या शेजारच्या फ्लॅटमधल्या. बुधवार पेठेतल्या एका वाचनालयात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती, म्हणजे चौतीस वर्षं लोकांना गप्प बसवलं होतं. आता त्या आणि त्यांचा म्हातारा बोका पंत, असे दोघंच राहत. दोघंही मोजकंच बोलत.

"मांजर पाळलंत म्हणे," ललिताबाई म्हणाल्या.

"व्हय."

"ट्रे कुठे ठेवलाय?"

"त्ये आमचं आमी बघू, बाई. उभा जन्म जनावरांत गेला आमचा."

"मांजरांत?"

"जनावरांत."

"असं होय," ललिताबाई म्हणाल्या आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. पुण्यात 'असं होय' याला उत्तर नसतं, त्यामुळे रावसाहेब जिन्यानं वर गेले.

बुधवारी त्यांनी दुसरा उपाय काढला. शर्यतीत बैल पळायचा तो नुसत्या पायांनी नाही, तर मागून उठणाऱ्या आरोळ्यांवर. जनावराला हुरूप द्यावा लागतो. म्हणून सकाळच्या दूधभातानंतर रावसाहेबांनी घरातल्या सगळ्यांना घमेल्याभोवती गोल बसवलं. बुंदी आली. तिनं घमेल्याचा वास घेतला. एक पाय आत टाकला. दुसरा टाकला. पाठीचा कणा जरासा वाकवला, आणि त्याच क्षणी रावसाहेबांच्या तोंडून अकरा वर्षं कोंडलेली आरोळी सुटली.

"भले रं भले! हाण!"

शिट्टीसुद्धा वाजवली. खालच्या मजल्यावरचं बाळ उठलं. बुंदी जागच्या जागी हवेत उडाली, पडद्याला नखं रोवून थेट पडद्याच्या दांडीवर गेली आणि जे काम घमेल्यात व्हायचं होतं ते तिथून झालं. खाली योगेशचे इस्त्रीचे शर्ट होते. योगेशनं शर्ट गोळा करून बादलीत टाकले. बुटापासूनच त्याची तयारी झाली होती.

"जागेवर आली व्हती का न्हाय?" रावसाहेब सगळ्यांना विचारत होते. "आली व्हती ना? मंग हाय, रक्तात हाय तिच्या."

मग त्यांना वाटलं, घमेलंच अशुद्ध झालं असेल. गोठा कसा, सणासुदीला फिनेलनं धुतला की जनावर खूश. त्यांनी घमेल्याला काळ्या फिनेलनं असं धुतलं की शेजारपाजारच्या चार घरांत खोकला सुरू झाला. वास जावा म्हणून ते त्यांनी स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि बुंदीला आत सोडून दार लावून घेतलं.

ड्राय बाल्कनीत त्या दिवशी द्वारकाबाईंच्या कुरडया वाळत होत्या.

द्वारकाबाई म्हणजे रावसाहेबांच्या मंडळी. तीन दिवस गहू भिजवून, चौथ्या दिवशी पहाटे उठून चीक शिजवून, सोऱ्यानं घातलेल्या त्या कुरडया होत्या. बुंदीनं फिनेलच्या घमेल्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पांढऱ्या स्वच्छ धोतरावर ओळीनं मांडलेल्या त्या मऊ, गोल, ओलसर वस्तू पाहून आपल्यासाठी एवढी सोय कुणी केली, असंच तिला वाटलं असावं.

द्वारकाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी कुरडया उचलल्या, धोतर धुतलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा अबोला तीनदाच झाला होता आणि तिन्ही वेळा माफी रावसाहेबांनाच मागावी लागली होती. यावेळी मात्र शब्द दिलेला असल्यामुळे माफी मागायला सवड नव्हती.

"संस्कृती, तुझ्या आबांना सांग, चहा ठेवलाय," द्वारकाबाई म्हणत.

"संस्कृती, तुझ्या आजीला सांग, पितो," दोन हातांच्या अंतरावर बसलेले रावसाहेब म्हणत.

आणि गुरुवारी चमत्कार झाला. घरात कुठेही घाण नाही. खुर्ची कोरडी, बूट कोरडे, पडदे कोरडे. रावसाहेबांनी सकाळी उठून ड्राय बाल्कनीतलं घमेलं पाहिलं, तर तेही लख्ख. याचा अर्थ उघड होता. पोरीनं घमेल्यात केलं आणि आपण उठायच्या आत द्वारकानं ते उचललं. अबोला असला तरी बाई कामाला चुकायची नाही. रावसाहेबांना बायकोचं कौतुक वाटलं, पण बोलता येत नव्हतं.

तिकडे द्वारकाबाईंनीही घमेलं लख्ख पाहिलं. त्यांना वाटलं, नवरा आपल्या आधी उठून गुपचूप साफ करतोय. कुरडयांची भरपाई असेल. त्यांचाही राग निम्मा उतरला, पण पहिल्यांदा आपण बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. भाग्यश्रीला वाटलं, दोघांपैकी कुणीतरी करतंय. योगेशनं विचारच केला नाही. त्याला कोरडा बूट मिळाला होता. सगळं एका प्रश्नात उलगडलं असतं, पण तो प्रश्न विचारायला बोलावं लागलं असतं.

शुक्रवारीही घर स्वच्छ, घमेलं स्वच्छ. शनिवारीही तेच. रावसाहेबांची छाती फुगली. सकाळी नाक्यावर, दुपारी दूध डेअरीच्या कट्ट्यावर, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर, एकच विषय.

"चार दिस म्हनलो व्हतो. तीन लागलं. जनावराला मानूस कळतो हो. नुसतं डोळ्यांनी बोललो मी तिच्याशी."

दुसऱ्या विंगमधले एक इंजिनियर गृहस्थ आपल्या कुत्र्याबद्दल सल्ला विचारायला आले. रावसाहेबांनी तोही दिला. आणि गेनबा, म्हणजे त्यांचा शर्यतीच्या काळापासूनचा दोस्त, एकेकाळचा नामी पैलवान, तो तर ऐकून हेलावलाच.

"अकरा वरसांनी नंबर काढलास, रावसाब," गेनबा म्हणाला. "सत्कार झालाच पायजे. रईवारी अकराला येतो. शाल, नारळ, हलगी, समदं आनतो. त्या बास्केटवालीच्या म्होरं घालतो शाल."

रावसाहेब नको नको म्हणाले, आणि सोसायटीतल्या दहाबारा घरांना स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आले.

रविवारी सकाळी सातला बेल वाजली. रावसाहेबांनी दार उघडलं. ललिताबाई प्रवासाच्या साडीत उभ्या होत्या.

"नमस्कार. आपलं मांजर आमच्याकडे येतं," त्या म्हणाल्या.

"असं? काय खातं का काय तुमच्याकडं?"

"नाही. खायला आपल्याकडे. नंतरचं आमच्याकडे."

"नंतरचं म्हंजी?" रावसाहेबांनी विचारलं.

"दोन्ही ड्राय बाल्कन्यांच्या मध्ये जाळी आहे. त्यातून ती रोज सकाळी दहाच्या सुमारास येते, पंतांच्या ट्रेमध्ये जाते, नीट माती लोटते आणि परत जाते. काल तिसरा दिवस झाला. पंतांची हरकत नाही, माझीही नव्हती. म्हटलं कुणी विचारायला येईल. कुणी आलं नाही. काल बाकावर ऐकलं, तुम्ही तिच्याशी डोळ्यांनी बोलता."

रावसाहेबांनी मागे वळून पाहिलं. ऐकणारं कुणी नव्हतं.

"आज सांगतेय कारण मी नऊला नाशिकला बहिणीकडे निघतेय. पंतही येताहेत. तीन आठवडे घर बंद. तेव्हा तिची आजपासूनची व्यवस्था आपली आपण पाहा."

असं म्हणून त्या वळल्या. रावसाहेबांच्या डोक्यात एका क्षणात अकरा वाजले. अवनी, तिची बास्केट, गेनबाची शाल, बारा घरांची माणसं आणि या सगळ्यांच्या मधोमध बुंदी. दार लावून गप्प बसावं, नशिबावर सोडावं, असंही त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात आतून संस्कृतीचा आवाज आला. ती बुंदीला सांगत होती, "घाबरू नको गं. आबांनी शब्द दिलाय. आबा शब्द मोडत नाहीत."

"बाई," रावसाहेब म्हणाले.

ललिताबाई थांबल्या.

"मला... शिकवा."

हे दोन शब्द बाहेर पडायला इतका वेळ लागला, की मधल्या वेळात लिफ्ट येऊन गेली.

ललिताबाईंनी त्यांना घरात घेतलं, बसा म्हणाल्या नाहीत, आणि आतापर्यंत काय काय केलंत ते विचारलं. रावसाहेबांनी दावणीपासून फिनेलपर्यंत सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

"तुम्ही जेवायला संडासात बसता का?" ललिताबाईंनी विचारलं.

"न्हाय."

"तुम्ही आत गेल्यावर चार माणसं भोवती बसून ओरडली, शिट्ट्या मारल्या, तर?"

रावसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हुनार न्हाय," ते म्हणाले.

"आणि तिचं नाक तुमच्याहून किती तीक्ष्ण आहे याची कल्पना आहे? तुमच्या फिनेलचा वास मला इथे येत होता. बरं, ही फुलांच्या वासाची वाळू कशाला? तिला लग्नाला जायचंय?" ललिताबाई पंतांच्या ट्रेकडे गेल्या. त्यात नर्सरीतली साधी लाल माती होती. "ट्रे गरम पाण्यानं चार वेळा धुवा. साधी माती घाला, ती पोतडी घेऊन जा. वरून पंतांच्या ट्रेमधली ही दोन मुठी घाला. वास ओळखीचा झालाय तिला. खाणं स्वयंपाकघरात, ट्रे बाल्कनीच्या कोपऱ्यात. आणि ती गेली की कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही. जमेल?"

"त्येवढंच?"

"तेवढंच. तुम्हाला तेच अवघड जाईल." त्यांनी एका कागदावर फोन नंबर लिहून दिला. "अडलं तर करा. उगाच करू नका."

रावसाहेब बाहेर पडले तेव्हा एका काखेत मातीची पोतडी आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली पंतांची पुडी. ज्याच्या गोठ्यात एकेकाळी चार गडी राबले, तो माणूस परक्या बोक्याची वापरलेली माती जपून घरी नेत होता. आणि तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं, समोर गेनबा. तयारीला म्हणून तो सात-साडेसातलाच हजर झालेला.

"ह्ये काय?" गेनबानं पुडीचं तोंड जरा उघडून पाहिलं. आतली लाल माती पाहून त्याचे डोळेच भरून आले. "तालमीतली माती! सत्काराच्या दिशी तालमीतली माती आनलीस तू माझ्यासाठी, रावसाब."

"गेनबा, आरं, थांब..."

पैलवान मातीपुढे थांबत नाही. गेनबानं चिमूटभर माती उचलली, भक्तिभावानं कपाळाला लावली आणि उरलेली दंडाला चोळली. नाकापाशी काहीतरी आल्यासारखा तो किंचित थबकला.

"जुनी हाय माती," तो आदरानं म्हणाला.

"लई जुन्या वस्तादाची हाय," रावसाहेब म्हणाले आणि घरात शिरले. यापेक्षा जास्त खोटं त्यांना त्या दिवशी बोलावं लागलं नाही.

घमेलं गरम पाण्यानं चार वेळा धुतलं गेलं. माती पडली, वर पंतांच्या दोन मुठी, म्हणजे गेनबानं वापरून उरलेल्या, पडल्या. वाटी स्वयंपाकघरात गेली. नऊला शेजारच्या दाराला कुलूप लागलं. ललिताबाईंच्या हातातल्या पिंजऱ्यातून पंत रावसाहेबांकडे पाहत गेले.

पावणेअकराला माणसं जमली. रावसाहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि हात जोडून सांगितलं, "आवाज करू नका. हलगी खाली ठेव, गेनबा. मोबाइल बंद." टीव्ही बंद झाला, पंखासुद्धा कमी केला. बारा घरांची माणसं सतरंजीवर माना खाली घालून बसली. बरोबर अकराला अवनी बास्केट घेऊन दारात आली, आत पाहिलं आणि हळूच भाग्यश्रीला विचारलं, "कुणी गेलंय का गं?"

"अजून नाही," भाग्यश्री म्हणाली. तिला बुंदीबद्दल म्हणायचं होतं.

बुंदीनं त्या दिवशी दूधभात उशिरा खाल्ला होता. ती स्वयंपाकघरातून निघाली, ड्राय बाल्कनीत गेली, जाळीतून पलीकडे डोकावली. पलीकडचं दार बंद. ती एकदा ओरडली. पलीकडून कुणी आलं नाही. रावसाहेब बाल्कनीच्या उंबऱ्याशी पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खाली बसले होते, कुणी आत जाऊ नये म्हणून. मागे काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. पावलंही ऐकू येत नव्हती. मांजराला पावलं नसतातच.

मग खसखस झाली. माती उकरल्याची.

रावसाहेबांच्या छातीत आरोळी उठली. गळ्यापर्यंत आली. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक तोंडात कोंबलं आणि डोळे घट्ट मिटले. आयुष्यात प्रत्येक जनावराच्या मागे ते ओरडत धावले होते. आज नुसतं गप्प बसायचं होतं आणि त्यांना घाम फुटला होता. तिला इथंच राहू दे, एवढंच ते मनात म्हणत होते. शब्दाचं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीच्या ताटात घास परत पडायला नको.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खसखस, यावेळी सावकाश, मन लावून. माती लोटल्याची. आणि मग त्यांच्या गुडघ्याला काहीतरी मऊ घासून गेलं.

रावसाहेबांनी तरीही मागे पाहिलं नाही. त्यांनी तोंडातला टॉवेल काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "बघून ये," ते म्हणाले. बुधवारनंतर त्यांनी बायकोशी बोललेले हे पहिले शब्द.

द्वारकाबाई आत जाऊन आल्या. "केलंय हो. घमेल्यातच केलंय. वर माती बी लोटलीय गुनाच्या पोरीनं."

भाग्यश्रीनं स्वतः जाऊन खात्री केली. परत आली, संस्कृतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि अवनीला म्हणाली, "बास्केट घेऊन जा परत. पण चहा घेऊन जा." संस्कृती आता मात्र रडली, चांगली हुंदके देऊन. रावसाहेबांना ते रडणं पाचही नंबरांपेक्षा मोठं वाटलं.

गेनबानं हलगी उचलली आणि सकाळपासून दबलेला आवाज एका दमात काढला. बुंदी पडद्यावर गेली, पण आता तिला कुणी दोष देणार नव्हतं. शाल आली, नारळ आला. शाल घालताना गेनबाच्या कपाळावरची लाल माती अजून तशीच होती. माणसं म्हणाली, रावसाहेब, दोन शब्द बोला.

रावसाहेब उभे राहिले. घसा खाकरला. लक्ष्यापासून सुरुवात करायची म्हणून तोंडही उघडलं. समोर संस्कृती बसली होती. ते थांबले.

"खोटं बोलनार न्हाय," ते म्हणाले. "म्या काय बी केलं न्हाय. तीन दिस ही शेजारच्या ललिताबाईंच्या घरात जात व्हती. शिकवलं त्ये बी त्यांनीच."

"कुणाला, बुंदीला?" योगेशनं विचारलं.

"बुंदी शानीच व्हती. मला."

इंजिनियर गृहस्थ आपल्या कुत्र्याबद्दल मिळालेला सल्ला आठवून जरा काळजीत पडले. द्वारकाबाई मात्र नवऱ्याकडे बघत राहिल्या. लक्ष्याच्या पहिल्या नंबराला त्या शर्यतीच्या घाटात हजर होत्या, तेव्हासुद्धा हा माणूस त्यांना इतका रुबाबदार दिसला नव्हता, आणि तसं त्यांनी संध्याकाळी चहा देताना त्याला सांगितलंही.

पण ते नंतर. आधी रावसाहेबांनी खिशातला कागद काढला आणि फोन लावला. उगाच करू नका म्हणाल्या होत्या, पण ही काही उगाचची बाब नव्हती. पलीकडे बसच्या इंजिनाची घरघर होती.

"म्या रावसाब बोलतोय. झालं."

"कुठे?"

"घमेल्यात. म्हंजी ट्रेमध्ये. कुनी बघितलं न्हाय, कुनी बोललं न्हाय. म्या सोता भिंतीकडं तोंड करून बसलो व्हतो."

"छान," ललिताबाई म्हणाल्या.

त्या बाईंच्या तोंडून 'छान' निघालेलं रावसाहेबांनी प्रथमच ऐकलं. अंगावर शाल, हातात नारळ, घरभर माणसं, आणि कानात ते 'छान'. आणखी काहीतरी येईल म्हणून ते फोन कानाशी धरून थांबले.

"मग आता उभे काय राहिलात?" ललिताबाई म्हणाल्या. "उचला ते."

फोन बंद झाला. द्वारकाबाईंनी नारळ त्यांच्या हातातून काढून घेतला आणि घमेल्याबरोबर आलेलं प्लास्टिकचं फावडं हातात दिलं. रावसाहेब खांद्यावरची शाल सावरत ड्राय बाल्कनीत गेले आणि वाकले.